गोंदियावरून गेलेली आगगाडी आणि नगरची धर्मशाळा

१८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावास निघाले होते. हा लोहमार्ग आजच्या गोंदिया जिल्ह्यातून जातो. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावरून निघालेले बोलणे धर्मापर्यंत पोहोचले आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. त्यांचे नाव अज्ञातच राहिले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहपूर्वक भारतीय पाळकाच्या हातून. या आग्रहामागे एक जुना प्रश्न होता: परदेशी मिशनच्या छायेत देशी नेतृत्व घडावे कसे?

अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगर केंद्र १८३१ चे. परंतु पाळकपदाची दीक्षा पहिल्या देशी उपदेशकांना मिळाली ती १८५४ मध्ये. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे ते दोघे. (खिस्ती हे आडनाव मूळचेच, धर्मांतराशी त्याचा संबंध नाही.) त्याच सुमारास बोस्टनहून संस्थेचे कार्यवाह रूफस अँडरसन पाहणीस आले. स्थानिक मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः सांभाळावा, असे त्यांचे मत होते. उपदेशकांचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, इंग्रजीवर भर नसावा, हेही त्यातलेच. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी नोकरीकडे वळतो, ही त्यामागची भीती अगदीच निराधार नव्हती. मात्र त्याची दुसरी बाजूही होती. मिशनचा पत्रव्यवहार, हिशेब आणि अंतिम निर्णय इंग्रजीतच होत राहिले. ज्याला इंग्रजी नाही, तो आपल्या गावी पाळक झाला तरी जिथे पगार ठरतो तिथे त्याला आवाज नसे. स्वावलंबनाचा उपदेश आणि परावलंबनाची व्यवस्था अशी दोन्ही एकत्र नांदत होती.

१८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय उभारले. ह्यूम मुंबईत जन्मलेले, मराठी उत्तम जाणणारे. बाप्तिस्म्यानंतर टिळक याच विद्यालयात शिकवू लागले. परिसरातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग कुळांतला. त्यांच्यापुढे चित्पावन घराण्यातला कवी शिक्षक म्हणून उभा राहिला. अमेरिकन आणि मराठी यांच्यातले अंतर सर्वांच्या नजरेत भरते, पण या वर्गातले अंतर त्याहून जुने होते. टिळकांनी त्यावर सेतू बांधला तो ओवी-अभंगांचा. विलायती चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी वारकरी वळणाची भजने त्यांनी लिहिली, आणि ती खेड्यापाड्यांतील उपासनेत रुजली.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तरी मिशनचे वेतन त्यांना सलत राहिले. १९१७ मध्ये ते सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ज्या संस्थेने त्यांना घडवले, तिला हे पचणे सोपे नव्हते.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. दरबार फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर घरीच.