एडीएस-बी अँटेना, घरगुती

विमानांतून १,०९० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर प्रसारित होणारे एडीएस-बी संदेश घरी ग्रहण करण्यासाठी गच्चीवर किंवा छपरावर बसवलेला अँटेना (आकाशक). विमान उपग्रहांच्या मदतीने आपले स्थान ठरवते आणि ट्रान्सपॉन्डर या प्रसारण-यंत्राद्वारे ते सेकंदाला साधारण दोनदा प्रसारित करते. संदेशात विमानाचा २४ बिटांचा ओळखक्रमांक, उंची आणि अक्षांश-रेखांश असतात. दूरचित्रवाणीसाठी बनवलेला आरटीएल२८३२यू चिपचा स्वस्त यूएसबी डोंगल इतर रेडिओ लहरींसाठीही वापरता येतो, हे २०१२ मध्ये हौशी तंत्रज्ञांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी ‘डम्प१०९०’ ही संदेश उलगडणारी आज्ञावली लिहिली आणि हा छंद घरोघरी पोचला.

जागेची निवड : या कंप्रतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे अँटेना आणि विमान यांच्यामध्ये काय आहे, यावर जवळपास सर्व काही ठरते. अँटेना आणि विमान यांच्या उंचीची मीटरमधील वर्गमुळे मिळवून ४.१२ ने गुणली की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १० मीटरवरचा अँटेना आणि ११,००० मीटरवरचे विमान यांच्यासाठी ते सुमारे ४४५ किमी. भरते, ३०० मीटरवरच्या विमानासाठी मात्र जेमतेम ८४ किमी. अँटेना १० वरून ४० मीटरवर नेला तरी क्षितिज फक्त १३ किमी.ने लांबते. उंचीचा मोठा लाभ शेजारच्या इमारती, झाडे आणि टाक्या ओलांडल्याने होतो. सुमारे ५७० मीटरवरची, अँटेनापेक्षा १० मीटर उंच इमारत क्षितिजावरचा एक अंश झाकते. तेवढ्यानेच त्या दिशेचा उंचावरील विमानांचा पल्ला ३१० किमी.च्या आसपास येतो. पुण्यातील अँटेनाला मुंबई विमानतळाकडे खाली उतरलेली विमाने दिसेनाशी होतात, कारण मध्ये सह्याद्री उभा आहे. खरेदीपूर्वी गच्चीवर उभे राहून चारही बाजूंचे क्षितिज न्याहाळणे ही पहिली पायरी होय.

प्रकार : १,०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २७.५ सेंमी. आहे आणि लहरींचे ध्रुवण उभे असते, म्हणून अँटेनाही उभाच बसवतात. सर्वांत सोपा प्रकार पाव-तरंग अँटेना. त्यात सुमारे ६.९ सेंमी.ची उभी तार आणि तळाशी ४५ अंशांत खाली वाकवलेल्या चार तारा असतात. त्याचा रोध ५० ओहमच्या जवळ येतो. तो घरी बनवता येतो आणि नवशिक्यास पुरेसा आहे. समरेख अँटेनात अर्ध्या तरंगलांबीचे अनेक खंड एकावर एक जोडलेले असतात. बाजारातील फायबरग्लास नळीतले बहुतेक अँटेना याच जातीचे असून त्यांचा लाभांक साधारण ५ ते ६ डेसिबल असतो. खंड वाढतात तशी ग्रहणशक्ती क्षितिजाकडे एकवटते आणि माथ्यावरचा भाग दुबळा होतो. दूरची विमाने क्षितिजालगतच दिसत असल्याने मोकळ्या जागी हे हिताचे ठरते. उंच इमारतींनी वेढलेल्या गच्चीवर अशा अँटेनावरील खर्चाचा उपयोग थोडा.

केबल, प्रवर्धक आणि गाळणी : १० मीटर केबलमध्ये या कंप्रतेला आरजी-५८ मध्ये सुमारे ६ डेसिबल, डिशसाठी वापरतात त्या आरजी-६ मध्ये सुमारे २, तर जाड एलएमआर-४०० मध्ये सुमारे १.४ डेसिबल घट होते. ६ डेसिबल म्हणजे तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच गेली. आरजी-६ चा रोध ७५ ओहम असला तरी विजोडामुळे होणारे नुकसान ०.२ डेसिबलपेक्षा कमी असते. बेताच्या खर्चात ती उत्तम निवड आहे. केबलमध्ये हरवलेला क्षीण संदेश खालच्या टोकाला प्रवर्धक लावून परत मिळत नाही, कारण तिथे गोंगाटही तितकाच वाढतो. म्हणून कमी गोंगाटाचा प्रवर्धक अँटेनालगत बसवतात आणि त्याला वीज त्याच केबलमधून देतात. भारतीय शहरांत गच्च्यांवरच मोबाइल मनोरे असतात. त्यांच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील जोरदार लहरी रिसीव्हरला बधिर करतात. तिथे १,०९० मेगाहर्ट्झची गाळणी, म्हणजे फिल्टर, घ्यावीच लागते.

बसवणी : गॅल्व्हनाइझ केलेला पाइप भिंतीला किमान दोन क्लॅम्पांनी आवळावा. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर पाइप आडवा झाला तरी त्यांना शिवणार नाही इतके अंतर राखावे. जोडांवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे वेढ्यांच्या कडा खाली राहतात. केबल घरात शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा; पाणी तिथूनच गळून जाते. नळीच्या तळाचे निचरा-छिद्र बुजवू नये. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत एसएस ३१६ प्रतीचे नटबोल्ट टिकतात.

विजेपासून संरक्षणात कसूर करू नये. महाराष्ट्रात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा अधिक कोसळतात. खांब इमारतीच्या तडितरक्षक व्यवस्थेशी जाड वाहकाने जोडावा; त्यासाठी आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक पाहावे आणि काम जाणकार वायरमनकडून करून घ्यावे. केबल आत येते तिथे वायुनलिकेचा तडितरोधक लावून त्याचे अर्थिंग त्याच व्यवस्थेला जोडावे. मेघगर्जना सुरू झाल्यावर गच्चीवर जाऊ नये.

तपासणी आणि उपयोग : दिशावार कमाल पल्ल्याचा नकाशा काही दिवस नोंदवून क्षितिजातील अडथळे ओळखता येतात. बदलाची तुलना दिवसाच्या त्याच वेळी करावी, कारण वाहतूक तासागणिक बदलते. प्रवर्धन अति ठेवल्यास जवळच्या विमानांचे संदेश विद्रूप होतात. ते थोडे कमी केल्यास संदेशसंख्या अनेकदा वाढते.

अशा अँटेनांच्या नोंदी फ्लाइटरडार२४ आणि ओपनस्काय नेटवर्क यांसारख्या जाळ्यांना पाठवता येतात. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये कोसळले. कॉकपिटमध्ये निवडलेली उंची ३८,००० फुटांवरून सुमारे १०० फुटांवर आणली गेली होती, हे फ्लाइटरडार२४ कडे जमा झालेल्या संदेशांतून दोन दिवसांतच पुढे आले. आपले स्थान न सांगणारे विमानही चार किंवा अधिक रिसीव्हरांतील आगमनकाळाच्या फरकावरून शोधता येते. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या अँटेनाचे अक्षांश, रेखांश आणि उंची अचूक नोंदवणे आवश्यक आहे. खाली उडणारी विमाने दूरच्या अँटेनाला दिसत नाहीत. म्हणून डोंगराआडच्या गावातील एखादा साधा अँटेनाही या जाळ्यातील मोठी उणीव भरून काढतो.