पंधरा वर्षांची रेघ

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची एक दगडी पाटी भिंतीत बसवलेली सापडते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. परत आलेल्यांचा आकडा वाचणाऱ्याने वजाबाकी करून काढायचा. आपल्या युद्धेतिहासाचीही गत फारशी वेगळी नाही. लढाया, तारखा, पदके यांची नोंद चोख असते आणि सैनिक पलटणीतून सुटला की कागद संपतो. लढाई चालली चार-सहा वर्षे. तिच्यातून वाचलेला माणूस त्यानंतर पन्नास-साठ वर्षेही जगला. जुन्नर-आंबेगावसारख्या मुलखातल्या सैनिकाचा इतिहास खरे तर या दुसऱ्या, लांबलचक काळापासून लिहायला हवा. तसा लिहायला घेतला की एक गोष्ट ठळक होते. या माणसाचे म्हातारपण त्याच्या पराक्रमाने ठरले नाही. पलटणीच्या पटावर त्याचे नाव किती वर्षे राहिले, यावर ते ठरले.

ही रीत महायुद्धांच्या आधीपासूनची आहे. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी पुणे-नगरच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातल्या महादेव कोळ्यांची एक स्वतंत्र तुकडी उभी केली. कॅप्टन नटॉल तिचा अधिकारी, जावजी नाईक बांबळे तिच्यातला प्रमुख. ज्यांच्या बंडांचा सरकारने आधीची कित्येक वर्षे धसका घेतला होता, तीच माणसे आता हिरव्या बंडीत, पायांत वहाणा घालून, तंबू-बाडबिस्तारा न घेता सरकारसाठी डोंगर तुडवत होती. १८६१ च्या मार्चमध्ये तुकडी मोडली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे पुन्हा शेतीकडे आणि मजुरीकडे वळले. गॅझेटियरकारांनी या तुकडीचे मोकळेपणाने कौतुक केले आहे. कवायत शिकलेला कोळी बंडाचा पुढारी होण्याऐवजी बंदोबस्ताला कसा उपयोगी पडला, हे ते सांगतात. पण हाच माणूस घरी गेल्यावर त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्यांना पडत नाही. पुढच्या दशकात याच डोंगरात जांभोरीच्या होन्या भागोजी केंगलेने सावकारांविरुद्ध बंड केले आणि १८७६ मध्ये तो पकडला गेला. तुकडी मोडल्यामुळे हे बंड झाले, असे म्हणणे ओढाताणीचे होईल; मूळ कारण कर्ज आणि जमीन हेच होते. पण गरजेपुरता सैनिक उचलायचा आणि गरज सरली की त्याला त्याच कर्जात सोडायचे, ही पद्धत इथे उघडी पडते.

निवृत्तिवेतन मिळाले तर काय घडू शकते, याचा दाखला महार सैनिकांच्या इतिहासात आहे. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी कोकणात दापोलीला राहून अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली, सैन्यभरती बंद झाल्यावर अर्ज लिहिले. दरमहा येणारा तो पैसा गावाच्या बलुत्यावर अवलंबून नव्हता, हे त्यांच्या धैर्याइतकेच महत्त्वाचे होते. म्हणून १८९० च्या सुमारास महारांची भरती थांबली तेव्हा नोकरीबरोबर गावाबाहेरून येणारा हा हक्काचा पैसाही आटला. पुढे १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. चार वर्षांच्या चाकरीवर असे म्हातारपण उभे राहत नाही.

पेन्शनला सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांची चाकरी लागे, आणि महायुद्धाचा शिपाई या रेघेच्या अलीकडेच राहिला. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराचा वेढा शरणागतीने संपला तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात मराठे एरिट्रियातल्या केरेनला लढले, इटलीत लढले. हिंदी सैन्य दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले आणि युद्ध संपताच तितक्याच घाईने उतरवले गेले. १९४२ मध्ये भरती झालेला पोरगा १९४६ ला घरी आला तो ग्रॅच्युइटीची रक्कम आणि डिस्चार्ज बुक घेऊन. जखमीला अपंगत्वाचे वेतन होते, मेलेल्याच्या विधवेलाही काही होते. धडधाकट परतणे हाच हिशेबाच्या दृष्टीने सगळ्यांत तोट्याचा प्रकार ठरला.

यावर कोणी म्हणेल, शौर्याची कदर झालीच की. जुन्नरच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनियो नदीवरच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खरे आहे, पण त्या युद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या दोघांनाच तो मिळाला, दुसरे माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, आणि तोही मरणोत्तर. दोघांवरून हजारोंचा नियम बांधता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतकऱ्याच्या पोराला शेत होते, भाऊबंद होते, त्याला सरकारी पैशाची गरज काय? पण भरतीला तो गेला तो बहुधा शेत पुरत नव्हते म्हणूनच. पंजाबात सैनिकांना कालव्याखालच्या नव्या जमिनी दिल्या गेल्या. सह्याद्रीच्या या उतारावर वाटायला तशी जमीन नव्हती. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले तेव्हा दुसऱ्या महायुद्धाचा शिपाई पन्नाशीच्या पुढे होता, आणि त्या पाण्याचा मोठा लाभ पूर्वेकडच्या बागायतीला झाला. पश्चिमेच्या खोऱ्यांच्या वाट्याला बुडीत क्षेत्र आले. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले, ते गावच याच प्रकल्पातल्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेले.

सगळ्यांत अवघड आक्षेप राजकीय आहे: ही माणसे इंग्रजांसाठी लढली, स्वतंत्र देशाने त्यांना का पोसावे? त्या डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकखाली गेला. त्याच मातीतून पलटणीत गेलेल्याला याच्या पंक्तीला बसवा, असे माझे म्हणणे नाही. १९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेही योग्यच. त्यात आझाद हिंद सेनेचे सैनिक धरले गेले, म्हणजे त्याच हिंदी सैन्यातून युद्धकैदी होऊन बाजू बदललेलेही धरले गेले. सन्मान कोणाचा करायचा हे देश ठरवू शकतो. पण चार वर्षे घासून घेतलेल्या चाकरीची म्हातारपणी भाकरी द्यायची की नाही, हा सन्मानाचा प्रश्नच नव्हे. ती जुन्या सरकारची थकबाकी होती. सरकार बदलले म्हणून जुन्या सरकारच्या पेन्शनी थांबल्या नव्हत्या. पंधरा वर्षे भरलेल्यांना त्या मिळतच राहिल्या. म्हणजे आड आले ते राष्ट्रप्रेम नव्हे, जुन्या सरकारचा नियमच नव्या सरकारने तसाच चालवला.

बऱ्याच उशिरा महाराष्ट्र सरकारने दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मासिक अनुदान सुरू केले, पुढे ते वाढवतही नेले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून ते मिळते. त्यासाठी सेवेचा पुरावा लागतो आणि वेळोवेळी हयातीचा दाखला. या मदतीने अनेकांचे शेवटचे दिवस सुसह्य झाले, हे नाकारता येणार नाही. मात्र तिचा लाभ मिळायला आधी तितकी वर्षे जगावे लागले, आणि डिस्चार्ज बुकही तोवर घरात टिकावे लागले. साठीतच गेलेल्यांच्या वाट्याला ग्रॅच्युइटीपलीकडे काही आले नाही.