लाल-पांढऱ्या पिनेचं कूळ

एपीएमसी मार्केटच्या आसपास, तुर्भे-वाशीच्या एखाद्या इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात जाऊन डीव्हीडी प्लेअर होम थिएटरला जोडायची वायर मागा. काउंटरवर बहुधा लाल-पांढऱ्या पिनांचं वेटोळंच येईल. या पिनेचं कूळ डीव्हीडीपेक्षा, कॅसेटपेक्षा आणि आपल्या स्वातंत्र्यापेक्षाही जुनं आहे.

1930च्या दशकात रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरसीए ही कंपनी रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच लाकडी कपाटात बसवलेले संच विकत असे. दुरुस्तीच्या वेळी आतले भाग सुटे करता यावेत म्हणून तिच्या तंत्रज्ञांनी एक स्वस्त जोड काढला. मध्ये आवाजाचा सिग्नल नेणारी कांडी, भोवती अर्थिंगची कडी, एवढंच. गिऱ्हाईक त्याला कधी हात लावेल असा विचारच त्यात नव्हता, आणि त्यामुळे राहिलेली खोट आजही तशीच आहे. पिन आत सरकवताना मधली कांडी आधी टेकते, कडी मागाहून. ॲम्प्लिफायर चालू ठेवून पिन लावली की स्पीकर घर्रर्र करतो, तो यामुळेच.

ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी आवाज आणण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयोगातही हीच कंपनी होती. वॉल्ट डिस्नेला ‘फँटेशिया’ या चित्रपटातलं संगीत प्रेक्षागृहात फिरवायचं होतं. डिस्नेचा स्टुडिओ आणि आरसीए यांनी मिळून ‘फँटासाउंड’ ही यंत्रणा उभी केली आणि नोव्हेंबर 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात लोकांनी ती ऐकली. पण ती इतकी अवजड आणि महाग होती की मोजक्याच शहरांत लागली. त्यात महायुद्ध आलं आणि प्रयोग तिथेच थांबला.

मुंबईला या आवाजाची खरी चटक लावली 15 ऑगस्ट 1975 रोजी आलेल्या ‘शोले’ने. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात तो 70 एमएमवर, स्टिरिओफोनिक आवाजात चालला आणि पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. जयने उडवलेलं नाणं आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून प्रेक्षक वाकून बघायचे, असं सांगतात. मिनर्व्हा आता उरलं नाही. लॅमिंग्टन रोड मात्र ॲम्प्लिफायरच्या सुट्या भागांसाठी आजही मुंबईकरांना ठाऊक आहे.

हा आवाज घरात आला तो दोन वायरींमध्ये लपून. 1982 साली डॉल्बीने घरगुती ‘सराउंड’ आणलं. त्यात मागचा आवाज डाव्या-उजव्या आवाजातच मिसळलेला असे, आणि ॲम्प्लिफायर तो वेगळा काढी. लाल आणि पांढरी या दोन पिना त्याला पुरत. पुढचे तीन आणि मागचे दोन स्पीकर, शिवाय फक्त खर्जासाठी एक वूफर, या रचनेला ‘5.1’ हे नाव टॉमलिन्सन होल्मन या ध्वनितज्ज्ञाने 1987 साली सुचवलं. वूफरच्या वाट्याला आवाजाच्या पट्ट्यातला तळचा लहानसा भागच येतो, म्हणून तो पॉइंट एक.

1996 साली मुंबईचा फळ-भाजीपाल्याचा घाऊक बाजार तुर्भ्याला आला. त्याच वर्षी जपानात डीव्हीडी विक्रीला आली. पण आपल्याकडे, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींपासून गावाकडच्या घरांपर्यंत, आधी राज्य केलं व्हीसीडीने. लोकांनी हौसेने 5.1चे संच घेतले, खोलीच्या चार कोपऱ्यांत स्पीकर टांगले. व्हीसीडीवर आवाजाच्या वाटा मात्र दोनच असतात. मागच्या स्पीकरसाठी त्यात स्वतंत्र वाट नव्हतीच. खोक्यावर ठळक अक्षरात 5.1 छापणाऱ्यांनी हे सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

डीव्हीडीवर सहा वाटा खरोखर वेगळ्या आल्या. त्या न्यायच्या कशा? प्लेअर स्वतः उलगडून देत असेल तर सहा पिना, नाही तर एकच डिजिटल वायर: नारिंगी पिनेची, किंवा तोशिबाने 1983 साली आणलेली, लाल प्रकाशाने आवाज नेणारी ऑप्टिकल. ही वाट मुळात सीडीच्या दोन वाटांसाठी आखलेली, सेकंदाला सुमारे 14 लाख बिटांची. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल आवाज दाबून बसवलेला असल्याने त्याला जास्तीत जास्त साडेचार लाख पुरतात. दोन पोत्यांच्या जागेत सहा पोत्यांचा माल बसावा, तसं हे झालं. शिवाय ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही, त्यामुळे अर्थिंगची गुणगुण त्या वाटेने येऊच शकत नाही. मला हा सगळ्या कुळातला सर्वांत देखणा जोड वाटतो.

2006 साली ब्ल्यू-रे आली आणि तिचा न दाबता, जसाच्या तसा ठेवलेला आवाज या वाटेत मावेना. तो नेला 2002च्या अखेरीस ठरलेल्या एचडीएमआयने. चित्रासोबत आवाजाच्या आठ वाटा ती एकाच वायरीतून नेते.

घरात जुना डीव्हीडी प्लेअर आणि 5.1चा संच असेल तर भंगारात देण्याआधी दोन्हींची पाठ बघा. प्लेअरवर आणि संचावर नारिंगी किंवा ऑप्टिकल जागा असेल तर तीच वापरा. पिन लावण्याआधी ॲम्प्लिफायर बंद करा. आणि प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ असेल तर ते बदलून ‘बिटस्ट्रीम’ करा, नाहीतर या डिजिटल वायरीतूनही दोनच वाटा येतील.