लाइटच्या वेळापत्रकावर चालणारे कॉम्प्युटर

कॉम्प्युटरचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण चिपचा वेग, कंपन्या आणि त्यांचे मालक यांच्याबद्दल लिहितात. विठ्ठलवाडीत घरगुती कॉम्प्युटर कसा रुजला हे सांगायचं, तर मला विजेपासूनच सुरुवात करावी लागते. आमच्याकडे कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टिकली, गेम कोणत्या वेळी खेळले गेले, रात्रभर चालू राहणारं मशीन घरात कधी आलं, हे सगळं लाइट कधी असते यावर ठरलं.

कल्याण सोडलं की कर्जतच्या रस्त्याला पहिलं स्टेशन आमचं. एकीकडे कल्याण पूर्वेची वस्ती, दुसरीकडे उल्हासनगरचे कॅम्प. युद्धकाळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. जवळच ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा पॉवरहाऊस होतं. त्याच्या विजेवर गाड्या धावल्या. घरात येणारी वीज मात्र राज्य वीज मंडळाची. मुंबईत टाटा आणि बेस्ट, त्यामुळे तिथला कॉम्प्युटरवाला आणि आमच्याकडचा कॉम्प्युटरवाला यांचं आयुष्य मुळातच वेगळं होतं.

टेलिफोनचंही तेच. ठाण्यापर्यंत एमटीएनएल आणि 022. कल्याणपासून 0251. 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते मुंबईसह चार महानगरांतून. आम्ही त्या रेषेच्या थोडे बाहेर राहिलो. म्हणून आमच्याकडे लिनक्स तारेतून आलं नाही, सीडीवरून आलं. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने 1996 मध्ये अंकासोबत स्लॅकवेअर लिनक्सची सीडी दिली. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. जर्मनीत जन्मलेले, बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये इंजिनिअरिंग शिकलेले. इंटरनेट सर्वसामान्यांना मिळण्याच्या कितीतरी आधी, 1989 मध्ये, त्यांनी बंगळूरमध्ये सिक्स नावाचा बुलेटिन बोर्ड सुरू केला होता. एक पीसी, एक मोडेम, एक फोन लाइन, आणि बाहेरच्या माणसांनी त्यावर फोन लावून निरोप ठेवायचे. घरच्या सर्व्हरची आपल्याकडची वंशावळ काढायची झाली, तर माझ्या मते ती तिथून काढावी. 2013 मध्ये चिटणीस गेले. त्यांच्या सीडींवर शिकलेले लोक मात्र आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि जागोजाग सर्व्हर सांभाळत आहेत.

आता विजेकडे येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला पीसी, त्यावर विंडोज 98. लाइट गेली की मशीन धाडकन बंद. परत आली की निळा पडदा आणि स्कॅनडिस्क. त्यातली पट्टी हळूहळू सरकायची आणि तोवर घरातली मुलं गेमची वाट बघत बसायची. हे का व्हायचं? फॅट 32 या रचनेत कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा तक्ता असतो. तो लिहिता लिहिता वीज गेली, तर तक्ता एक सांगतो आणि डिस्कवर दुसरंच असतं. तो घोळ शोधायला सगळी डिस्क तपासावी लागते. लिनक्सची जुनी ईएक्सटी 2 पद्धतही याच दुखण्याची. 2001 मध्ये दोन्ही बाजूंनी उपाय आला. विंडोज एक्सपीबरोबर एनटीएफएस घराघरांत पोचलं आणि ईएक्सटी 3 लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये दाखल झालं. दोन्हींत बदल करण्याआधी तो एका रोजनाम्यात नोंदवला जातो. वीज गेली तरी परत आल्यावर फक्त रोजनामा वाचला की झालं. मोठ्या कंपन्यांसाठी केलेली ही सोय कल्याण-उल्हासनगरच्या घरांना किती उपकारक ठरली, हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. एक्सपी आमच्याकडे दिसायला छान म्हणून टिकलं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते लाइट गेल्यावर परत उठायचं, म्हणून टिकलं.

2005 हे वर्ष आमच्या भागात कोणी विसरणार नाही. 6 जूनला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं. 26 जुलैच्या पुरात वालधुनी नदीच्या काठची तळमजल्याची घरं पाण्यात गेली, टेबलाखाली ठेवलेली कॅबिनेटंही गेली. आणि भारनियमन रोजचंच झालं. गळती जास्त त्या भागात अंधार जास्त, असे गट पाडलेले. लोक इन्व्हर्टर घेऊ लागले. त्यामागच्या यूपीएस मोडच्या बटणाचं महत्त्व इथल्या पोरासोरांना कळलं. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये साठलेली वीज साधारण पंधरा-वीस मिलिसेकंद पुरते. इन्व्हर्टरने त्याच्या आत भार उचलला तर मशीन चालू राहतं, नाही तर बंद पडतं.

त्याच वर्षी बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं. पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड मोफत. वेग 256 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 32 किलोबाइट. सहा तासांत, लाइन एकदाही तुटली नाही असं धरलं तरी, सुमारे 691 एमबी. उबुंटूची सीडी 700 एमबीच्या आसपास. म्हणजे एक सीडी एका रात्रीत जेमतेम बसायची किंवा बसायचीच नाही. म्हणून अर्धवट फाइल पुढे चालू ठेवणारी विगेटची ‘मायनस सी’ ही आज्ञा आमच्या गल्लीत पाठ होती. दोन वाजता कोण उठणार? मग मशीनलाच वेळ लावून द्यायची. जुना पेंटियम, मॉनिटर काढलेला, लिनक्स घातलेला, दोनला लाइन जोडणारा आणि आठच्या आत तोडणारा. तो माझा पहिला घरचा सर्व्हर. शेजाऱ्यांच्या मुलांसाठी त्यावरच फाइली ठेवल्या आणि काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हरही चालवला. केबल गच्चीवरून गच्चीवर टाकली आणि आरजे-45 च्या पिना आम्ही स्वतः क्रिंप केल्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा हा तारांचा क्रम माझी बोटं अजून विसरलेली नाहीत. 2007 च्या जानेवारीत वेग 2 एमबीपीएस झाला आणि तीच सीडी तासाच्या आत येऊ लागली.

पुढचं थोडक्यात सांगतो. गेम स्टीमवर गेले, 2015 पासून तिथे रुपयांत किंमत दिसू लागली, 2018 मध्ये प्रोटॉन आल्यावर विंडोजचे कितीतरी गेम लिनक्सवर चालू लागले. भारनियमन बरंच कमी झालं. आज माझ्याकडे एक जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून चोवीस तास चालतो, कारण त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. घरचे फोटो, कागदपत्रं, आईवडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या त्यावर आहेत. बाहेरच्या कंपनीच्या भाड्याच्या जागेपेक्षा मला ते स्वतःच्या कपाटात असलेलं बरं वाटतं.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीतली पुष्कळ धडधाकट मशीनं भंगारात निघतील. तुमच्याकडे असं मशीन असेल तर ते किलोवर विकू नका. लिनक्स घालून एकदा चालवून बघा. आणि 2005-06 च्या भारनियमनाच्या वेळापत्रकाचं कात्रण, डेटावनचं बिल किंवा मासिकाबरोबर आलेली सीडी घरात सापडली, तर तीही जपून ठेवा. आमच्या भागातल्या कॉम्प्युटरच्या इतिहासाची कागदपत्रं तीच आहेत.