दुबईच्या शाळेत नोकरी: वर्क व्हिसा कोण काढतं?

कोपरीतल्या बीएड शिक्षिकेला दुबईच्या शाळेची ऑफर आली, तर वर्क व्हिसा कोण काढतं? शाळा. शिक्षिकेकडे उरतं पदवी अटेस्ट करून घेण्याचं काम, आणि वेळ खातं ते हेच: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी यूएईचा दूतावास. यूएई अपोस्टील करारात नसल्याने नुसता अपोस्टील पुरत नाही.

एजंटमार्फत जायचं असेल, तर त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याला सेवाशुल्क घेता येतं जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, तेही पावती देऊन. ‘टुरिस्ट व्हिसावर या, पुढे बघू’ म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. त्या व्हिसावर नोकरी बेकायदा ठरते. पगार थकला, तर दाद मागायला वैध करारही हातात नसतो.