सफरचंदाची न्याहारी

म्यूस्ली हा पदार्थ आतां आपल्याकडील मोठ्या शहरांच्या दुकानांतही खोक्यांतून विकत मिळतो. ओटाचे कोरडे पोहे, थोडे बेदाणे, थोडे बदाम. त्यावर दूध ओतावें आणि हौस असल्यास एखादें फळ चिरून शोभेपुरतें ठेवावें, म्हणजे न्याहारी झाली. परंतु या पदार्थाच्या जन्मकथेकडे पाहिलें असतां असें दिसतें कीं, आज जें शोभेचें झालें आहे तेंच मुळांत अन्न होतें, आणि अन्न म्हणून जें खपतें तें केवळ एक चमचाभर होतें.

त्याचे जनक डॉ. माक्सिमिलियन बिर्खर-बेन्नर हे स्वित्झर्लंडमधील आराऊ येथें १८६७ सालीं जन्मले. झूरिच शहरांतील कामकऱ्यांच्या वस्तींत त्यांनीं वैद्यकी सुरू केली. मांस हेंच खरें बलवर्धक अन्न, फळफळावळ ही किरकोळ बाब, असें तेव्हांच्या वैद्यांचें सामान्य मत होतें. डॉ. बिर्खर यांनीं उलट पक्ष घेतला. उन्हाची शक्ति वनस्पतींत सांठते व शिजविल्यानें ती क्षीण होते, असा त्यांचा सिद्धान्त. १९०० सालीं झूरिचच्या वैद्यमंडळापुढें तो मांडला गेला, तेव्हां या गृहस्थांनीं शास्त्राची मर्यादा सोडली असा निर्णय समव्यवसायी बंधूंनीं दिला. सिद्धान्तापुरता तो निर्णय आम्ही अन्यायाचा मानीत नाहीं. पण निर्णय देणारांस जीवनसत्त्वांची वार्ताही नव्हती; कासिमिर फुंक यांनीं ‘व्हिटामिन’ हा शब्द घडविला तो १९१२ सालीं. कारण चुकलें, तरी रोग्याच्या पुढ्यांत ठेवलेलें फळ कांहीं चुकलें नव्हतें.

१९०४ सालीं झूरिचबर्ग टेकडीवर डॉक्टरांचें आरोग्यधाम उघडलें. पहाटे उठणें, रात्रीं लौकर निजणें, मद्य, तंबाखू व कॉफी वर्ज्य. १९०९ सालीं तेथें राहिलेल्या थॉमस मान या कादंबरीकारानें त्या स्थळास तुरुंगाची उपमा दिली, यांत नवल नाहीं! या कडक शिस्तींत रोग्यांस सकाळीं व सायंकाळीं जो पदार्थ मिळे, त्यास प्रथम नुसतें ‘अन्न’ या अर्थाचें साधें नांव होतें. ‘म्यूस्ली’ म्हणजे लहानसा लगदा, हें नांव मागाहून रूढ झालें. आल्प्समधील डोंगरी लोकांचें असलेंच खाणें पाहून तो सुचला, अशी कथा सांगतात.

मूळ कृति अशी. एका माणसास ओटाचे पोहे एक चमचा घेऊन ते तीन चमचे पाण्यांत बारा तास भिजत घालावे. सकाळीं त्यांत अर्ध्या लिंबाचा रस व एक चमचा आटवलेलें गोड दूध मिसळावें. मग सुमारें २०० ग्रॅम सफरचंद, साल व गाभ्यासकट, त्यांतच किसावें, आणि कीस सारखा ढवळीत राहावें म्हणजे लिंबाच्या रसानें तो पांढरा राहतो. वर चमचाभर बदामांचा कूट घालून लागलीच खावें. चूल पेटवावी लागत नाहीं. चांगली किसणी मात्र हवी. दूध डब्यांतलें कां? तर कच्च्या दुधांतून क्षयाचे जंतु येण्याची त्या काळीं धास्ती होती. कच्च्या अन्नाचा एवढा कैवारी, पण दुधाच्या बाबतींत डब्यावर विसंबला, ही गंमत आम्हांस मोठी वाटते.

शरद ऋतूंत त्या देशांतील बागा सफरचंदांनीं लगडतात. तीं तळघरांत सांठवून हिवाळ्यापर्यंत पुरवितां येतात. तेव्हां ही न्याहारी दवाखान्यांतून सामान्य कुटुंबांत शिरण्यास फारसा खर्च आड आला नाहीं. आड आलें तें घरच्या बाईचें मनगट. चार माणसांचीं सफरचंदें ऐन खाण्याच्या वेळीं किसणें हें सोपें काम नव्हे, आणि आधीं किसून ठेवावीं तर तीं काळवंडतात. व्यापाऱ्यासही तीच अडचण. ताजें किसलेलें फळ खोक्यांत भरून फळीवर मांडतां येत नाहीं. ओट महिनेन्महिने टिकतात. म्हणून खोक्यांत ओट वाढले व सफरचंदाच्या वाट्यास वाळलेल्या चार फोडी आल्या. स्वित्झर्लंडमध्यें मात्र पाव, लोणी आणि दुधाची कॉफी यांच्या जोडीला ओली म्यूस्ली घेऊन रात्रीचें हलकें जेवण उरकणारीं घरें अद्याप आहेत.