ड्युसेलडॉर्फ : सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतील खाजगी रुग्णालये

जर्मनीतील नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याची राजधानी असलेल्या ड्युसेलडॉर्फ शहरात शासकीय, धर्मादाय आणि नफा कमावणारी खाजगी अशी तिन्ही प्रकारची रुग्णालये एकाच सार्वजनिक विमाव्यवस्थेत काम करतात. विमाधारकाला तेथे मिळणारे उपचार आणि त्यांचे दर रुग्णालयाच्या मालकीवर ठरत नाहीत. राज्याच्या रुग्णालय आराखड्यात त्या रुग्णालयाचे नाव आहे की नाही, हे निर्णायक असते.

पूर्वपीठिका : शहरातील रुग्णसेवेचा पाया बराचसा चर्चच्या संस्थांनी घातला. थिओडोर फ्लीडनर या धर्मोपदेशकाने १८३६ मध्ये काइझरस्वेर्थ येथे सेविकांची संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५१ मध्ये काही महिने तेथेच शुश्रूषेचे शिक्षण घेतले. हे गाव १९२९ मध्ये ड्युसेलडॉर्फमध्ये विलीन झाले. संस्थेचे आजचे रुग्णालय नाइटिंगेल यांच्याच नावाने ओळखले जाते. शहरात प्रॉटेस्टंट रुग्णालय १८४९ पासून आहे. कॅथलिक रुग्णालयांचाही मोठा समूह आहे. नगरपालिकेने १९०७ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयातून पुढे आजचे विद्यापीठ रुग्णालय उभे राहिले. ग्राफेनबर्ग येथील मनोरुग्णालय ऱ्हाइनलँड प्रादेशिक मंडळाकडे आहे.

जर्मनीचे चान्सलर बिस्मार्क यांच्या काळात १८८३ मध्ये कामगारांचा आजारपण विमा सक्तीचा झाला. खर्च विमा निधीने भरायचा आणि रुग्णालय कोणीही चालवायचे, अशी विभागणी त्यातून रूढ झाली. त्यामुळे जुन्या धर्मादाय संस्था मोडीत न काढता सरकारला त्यांना सार्वजनिक व्यवस्थेत सामावून घेता आले.

कायदा व अर्थव्यवस्था : १९७२ च्या रुग्णालय वित्तपुरवठा कायद्याने दुहेरी पद्धत आणली. इमारती व उपकरणांचा खर्च राज्याने द्यायचा, तर उपचारांचा खर्च विमा निधींनी. मालकीतील विविधता जपावी, असेही हा कायदा सांगतो. म्हणून आराखड्यातील खाजगी रुग्णालयालाही राज्याचे अनुदान मिळते.

गेरेसहाइम येथील खाजगी समूहाच्या रुग्णालयात आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला रुग्ण विमा कार्ड दाखवतो. त्याच्या खिशातून दिवसाला १० युरो जातात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांसाठी. रुग्णालयाला विमा निधीकडून आजार व उपचारांच्या वर्गवारीनुसार ठोक रक्कम मिळते. वर्गाचे भारांकन देशभर एकच असते आणि त्याला राज्याच्या पायाभूत दराने गुणले जाते. हाच हिशेब चर्चच्या वा विद्यापीठाच्या रुग्णालयालाही लागू होतो. सुमारे ९० टक्के लोकसंख्या या वैधानिक विम्यात आहे. स्वतंत्र खोली किंवा प्रमुख डॉक्टरांकडून उपचार हवे असल्यास जादा पैसे मोजावे लागतात. ही सोय शासकीय रुग्णालयांतही असते. आराखड्याबाहेरचे, केवळ परवान्यावर चालणारे खाजगी दवाखाने वेगळे. तेथे वैधानिक विमा सर्वसाधारणपणे चालत नाही.

खाजगीकरण : बेनराथ आणि गेरेसहाइम येथील नगरपालिकेच्या रुग्णालयांतील बहुसंख्य हिस्सा २००७ मध्ये झाना समूहाकडे गेला. या समूहाचे भागधारक खाजगी आरोग्यविमा कंपन्या आहेत. हेर्ट येथील डॉमिनिकस रुग्णालयही पुढे श्योन समूहाकडे आले. यामागचे कारण देशभर सारखेच होते. राज्यांचा बांधकाम निधी अपुरा पडत गेला आणि तोटा भरून काढणे नगरपालिकांना जड झाले, तर खाजगी समूहांना भांडवल उभारणे सोपे होते. आज जर्मनीतील रुग्णालयांपैकी सुमारे ४० टक्के खाजगी आहेत. त्यांच्याकडील खाटा मात्र एकूण खाटांच्या सुमारे एक पंचमांशच आहेत. ड्युसेलडॉर्फच्या राज्यात अजूनही धर्मादाय संस्थांचेच प्राबल्य आहे.

परस्परावलंबन : १० सप्टेंबर २०२० रोजी सायबर हल्ल्यामुळे विद्यापीठ रुग्णालयाची संगणकव्यवस्था कोलमडली. जवळपास दोन आठवडे तेथे रुग्णवाहिका येऊ शकल्या नाहीत आणि तातडीचा भार इतर रुग्णालयांवर पडला. या काळात वुपरटालला न्याव्या लागलेल्या एका रुग्ण महिलेचा मृत्यू झाला. त्याचा हल्ल्याशी कार्यकारणसंबंध मात्र तपासात सिद्ध होऊ शकला नाही. तातडीची सेवा शहरातल्या एका मोठ्या संस्थेवर सोडता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

आक्षेप : गुंतवलेले भांडवल आणि नफा दोन्ही अखेर उपचारांच्या ठोक रकमेतूनच काढावे लागतात. त्यामुळे फायद्याच्या शस्त्रक्रिया वाढतात आणि परिचारिकांची संख्या आवळली जाते, ही खाजगी समूहांवरील मुख्य टीका आहे. हा ताण खाजगी क्षेत्रापुरता मर्यादित नाही. २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फसह राज्यातील सहा शासकीय विद्यापीठ रुग्णालयांत कामाचा बोजा कमी व्हावा म्हणून सुमारे ११ आठवडे संप चालला. तत्पूर्वी २०२० पासून खाटांजवळच्या शुश्रूषेचा खर्च ठोक रकमेतून काढून वेगळा देण्यात येऊ लागला होता.

महाराष्ट्राशी तुलना : महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी खाजगी रुग्णालयांना ठरावीक उपचारांसाठी पॅकेज मिळते. म्हणजे येथे खाजगी रुग्णालयाचा काही भाग सार्वजनिक कामासाठी राखला जातो. ड्युसेलडॉर्फमध्ये आराखड्यातील रुग्णालय पूर्णपणे त्या कामाला बांधलेले असते.

सद्यःस्थिती : राज्याचा नवा रुग्णालय आराखडा १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. पूर्वी मुख्यतः विभाग आणि खाटा मंजूर होत असत. आता कोणत्या रुग्णालयाने कोणते उपचार करायचे, हे उपचारगटांनुसार ठरते. गुडघा व खुबा प्रत्यारोपणासारखी कामे त्यामुळे कमी ठिकाणी एकवटत आहेत. अनेक रुग्णालयांनी या निर्णयांना न्यायालयात आव्हान दिले. नगरपालिकेने मालकी सोडली, तरी रुग्णालयात कोणते उपचार होणार यावरचा सरकारचा अधिकार या आराखड्याने वाढला आहे. वाटप मालकीपेक्षा गुणवत्ता, मनुष्यबळ आणि परिसराची गरज पाहून होते. बांधकाम निधीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, आणि मालकी बदलण्याचा दबाव मुळात तेथूनच निर्माण होतो.